तुलनातक्त्याची एकेचाळिसावी आवृत्ती

अध्यक्षसाहेब, इस्पितळातली जागा तुम्ही खाल्लीत. खाटांची नव्हे, ती आधीच संपली होती. कॉम्प्युटरमधली.

तुलना केल्याशिवाय वस्तू घेऊ नये, हे शहाणपण. तुलना केल्यावरही घेऊ नये, ही समिती. आपल्या साठवण-तुलना समितीने ही पायरी अवघ्या तीन वर्षांत गाठली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

समिती जन्मली ती सर्व्हरमामांच्या अर्जातून. मामा तळघरातल्या सर्व्हर-खोलीचे तंत्रज्ञ. बावीस वर्षं तिथल्या गारठ्यात स्वेटर घालून बसलेले. रोग्यांचे स्कॅन कॉम्प्युटरच्या चौदा जुन्या पेट्यांत साठवलेले, आणि कुठल्या पेटीत काय ते फक्त मामांना ठाऊक. पेट्या भरत आल्या. तेव्हा मामांनी अशी प्रणाली मागितली, की चौदा पेट्या मिळून एकच मोठी पेटी दिसावी आणि लागेल तशी नवी जोडता यावी. बाजारात तशा तीन होत्या. मामा म्हणाले, "तिन्ही चालतील." तिथेच त्यांचं चुकलं.

"तिन्ही चालतील म्हणजे?" अध्यक्षसाहेब, तुम्ही कडाडलात. "मग आम्ही तुलना कशाची करायची?"

निकष ठरले एकशे सहा (वेग, भरवसा, विक्रेत्याची वागणूक, पेटीवरच्या दिव्याचा रंग). बैठका झाल्या त्रेसष्ट; त्यांतल्या चाळीस मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करायला. निर्णय शून्य (तोही एकमताने). पारदर्शकता म्हणून तक्त्याची एकही आवृत्ती पुसायची नाही, असा नियम झाला. प्रत्येक आवृत्तीसोबत विक्रेत्यांच्या भाषणांचं अखंड चित्रीकरण, आणि त्याची एकेक प्रत सर्व विभागप्रमुखांना. हे सारं कुठे ठेवायचं? त्याच चौदा पेट्यांत.

एकेचाळिसावी आवृत्ती मावेना. आदेश आला: पाच वर्षांपेक्षा जुने सगळे स्कॅन काढून जागा करावी.

"साहेब, त्यापेक्षा ती भाषणं पुसू का?"

"मामा, तो समितीचा दस्तऐवज आहे. ते नुसते फोटो!"

मामांनी आदेश फायलीला लावला आणि बटण दाबलं. (दुसरी प्रत ठेवावी का, हा निकष क्रमांक ब्याण्णव, विचाराधीन.)

आज मामांची थोरली बहीण तपासणीला आली. छातीत ठिपका दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. सहा वर्षांपूर्वी इथेच स्कॅन झालंय ना? ठिपका तेव्हाही एवढाच असेल तर जुना डाग, घरी जा. वाढला असेल तर छाती उघडावी लागेल. फक्त तुलना करायचीय."

ताई हसली. "मग काय! तुझ्याच खोलीत आहे की रे माझा फोटो. आण जा पटकन."

मामा खाली गेले. ताईच्या फोटोच्या जागी एकेचाळिसावी आवृत्ती होती. मामांनी ती उघडून पाहिली. निकष सत्त्याऐंशी: 'जुन्या नोंदी सुरक्षित राहतील काय?' तिन्ही रकान्यांत 'होय'.

हे वाचणारे हसत असतील, तर हसू देत. आपलं शेवटचं स्कॅन कुठे झालं होतं, ते अजून त्यांना आठवलेलं नाही.

पण अध्यक्षसाहेब, ताई वरच्या बाकावर बसली आहे, पिशवी मांडीवर घेऊन. मामा जिन्याच्या खालच्या पायरीवरच उभे आहेत. तिला घरी पाठवायचं, की तिची छाती उघडायची? इतिवृत्त नको. वर या आणि तिच्या तोंडावर सांगा.