पाह्यलेलं सांग, वाटलेलं घरी ठेव

माझ्या माहितीतल्या तीस वर्षांत तुळशीरामअण्णांनी एकाही माणसाला, बैलाला, भाजीला किंवा सरकारला चांगले म्हटले नाही. वाईटही म्हटले नाही. ज्यांना एवढ्यावरून ते तुसडे होते असे वाटते, त्यांनी हा लेख इथेच खाली ठेवावा. त्यांच्या वाटण्याचा अण्णांनी कधी विचार केला नाही, मीही करणार नाही.

लिहायला बसण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात अण्णांची तसबीर लागली आणि तिच्याखाली तरुण मंडळींनी ओळ रंगवली: 'परखड, परंतु अंतःकरणाने लोण्याहून मऊ'. मी भर समारंभात उभा राहून विचारले की, अण्णांचे अंतःकरण कोणी हाताळून पाहिले आहे काय? लोक हसले. अध्यक्षांनी मला वयाचा मान देऊन खाली बसवले. वयाचा मान म्हणजे बोलणे तोडण्याची सभ्य रीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता कागदावर बोलतो. कागदाला अध्यक्ष नसतो.

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. आमचे गाव अंबड तालुक्यात. अण्णांची शेती बेताची. परंतु पंचक्रोशीत कोणालाही बैल घ्यायचा असला की, तो आधी अण्णांच्या दारी येई. अण्णा बाजारात जात, बैलाचा जबडा उघडून दात मोजत, खूर उचलून पाहत, पाठीवरून हात फिरवत, त्याला वीस पावले चालवत, आणि मग सांगत. काय सांगत? "सहा दात. डाव्या खुराला भेग. उजव्या खांद्यावर जुनं आवाळू. पाणी पितानी थांबून थांबून पितो." बस्स. घेणारा काकुळतीला येऊन विचारी, "पण अण्णा, बैल चांगला हाये ना?" त्यावर अण्णांचे उत्तर ठरलेले होते : "पाह्यलेलं मी सांगितलं. वाटलेलं तू ठरव. नांगर तुझा हाये."

माझ्या मामांना एकदा एका पांढऱ्याशुभ्र खोंडाने भुलवले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल. मामा म्हणाले, "अण्णा, केवढा देखणा हाये!" अण्णा म्हणाले, "देखणेपण तुमच्या डोळ्यात हाये. दात बैलाच्या तोंडात हायेत. मला तोंडातलं दिसतं." मामांनी तो घेतला. तिसऱ्या तासाला तो शेतात जो बसला तो उठेना. मामांनी अण्णांना बोलावून आणले. अण्णांनी बैलाभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे सांगितले, "मामा, बैल बसलेला हाये."

बैलांपुरते हे ठीक होते. परंतु जबडा उघडण्याची सवय अण्णांनी जगभर चालवली. कीर्तन कसे झाले, असे विचारले तर म्हणत, "सतरा माणसं आल्ती. अकरा झोपली. बुवा धरून बारा." सुनेने विचारावे, "मामाजी, आमटी कशी झाली?" तर उत्तर येई, "मीठ दोनदा पडलं." एकदा तालुक्याचे बडे अंमलदार दौऱ्यावर आले. चावडीपुढे सतरंजी अंथरली होती, आणि साहेबांनी दयाळूपणे विचारले, "हमारा इंतजाम कैसा है?" सारे गाव एका सुरात म्हणाले, "बहोत अच्छा, सरकार." ज्या गावाला बायकापोरांशी एका सुरात बोलणे कधी जमले नाही, त्याला सरकारशी ते सहज जमले. फक्त अण्णा पुढे होऊन म्हणाले, "सरकार, गावच्या विहिरीत पानी न्हाई. बाकी इंतजाम म्या पाह्यला न्हाई."

आता मूळ वादाकडे येतो. वाद माझ्या लग्नाचा आहे, म्हणजे त्यात बोलण्याचा पहिला हक्क माझा. तरी गावात त्याच्या दोन हकिकती चालतात आणि दोन्ही सांगणारे तेव्हा जन्मलेले नव्हते.

मी बावीस वर्षांचा होतो. वडीगोद्रीच्या आसराजींची मुलगी द्वारका मला सांगून आली होती. मी तिला जत्रेत एकदा पाहिले होते. तेव्हा मला काय वाटले ते सांगणार नाही; अण्णांच्या लेखात ते शोभणार नाही. एवढेच सांगतो की, हे स्थळ मोडले असते तर मी दुसरे पाहणार नव्हतो. परंतु माझी कीर्ती भांडखोर अशी होती. आसराजी चौकशीला आले. गावातल्या प्रतिष्ठितांनी "मुलगा लाख आहे" असे एकमुखाने सांगितले. आसराजी जनावरांत वाढलेला माणूस. बैल विकणाऱ्या हेड्याने फार स्तुती केली की आधी खूर उचलून पाहणारा. ते सरळ अण्णांच्या गोठ्यात गेले. मी ही बातमी ऐकताच मागच्या बाजूने जाऊन कडब्याच्या गंजीआड उभा राहिलो. हे कृत्य सभ्य नव्हते. परंतु त्यामुळेच माझी हकिकत पाहिलेली, निदान ऐकलेली आहे; इतरांची वाटलेली आहे.

पहिली हकिकत अशी की, अण्णांनी डोळ्यांत पाणी आणून, जन्माचा नेम मोडून, "पोरगा हिरा आहे" असे म्हटले. तसबिरीखालचे लोणी याच हकिकतीतून निघाले आहे. दुसरी अशी की, अण्णांनी माझे स्थळ मोडण्याचा यत्न केला. दोन्ही खोट्या. झाले ते असे.

"अण्णा, रंगनाथ पोरगा कसा हाये?" आसराजींनी विचारले.

"कसा म्हंजी? वय बावीस. दात पुरे. खोकला न्हाई. लहानपणी झाडावरून पडल्ता, डावा हात पुरा सरळ होत न्हाई. सकाळी तोंड धुवायच्या आधी बिडी वढतो."

गंजीआड मी कानावरची बिडी काढून कडब्यात खुपसली.

"भांडतो म्हनं?"

"दोन वर्सांत पाच जनांसंगं भांडला. त्यातले तिघं आता त्याच्या घरी जेवायला बसतात."

"अन् दोघं?"

"दोघं मेले. तापानं. ह्याच्या हातानं न्हाई."

"मारझोड?"

"मानसाला न्हाई. बैलाला एकदा मारलं, वळ उठस्तोवर. त्या दिशी सांजंला जेवला न्हाई."

"बैल?"

"रंगनाथ. बैल जेवला."

अण्णांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "ह्याची माय बारा म्हैने अंथरुणावर व्हती. घरात दुसरी बाई न्हाई. रोज सकाळी दार लावून तिची वेनी हाच घालायचा."

मी हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. गावात कोणाला ते कळले असते तर पारावर बसणे मला अशक्य झाले असते. दार लावत असे. परंतु आमच्या घराची भिंत पडकी होती, आणि पलीकडे अण्णांचा गोठा होता.

"वेनी? गड्यानं?"

"वाकडी घालायचा," अण्णा म्हणाले. "बाराही म्हैने वाकडीच."

"मंग अण्णा, पोरगा चांगला म्हनू का?"

"ते तुमी म्हना. पोरगी तुमची हाये."

आसराजी उठले, धोतराचा कडबा झटकला आणि म्हणाले, "बराबर. हळद कवा लावायची ते इचारून येतो."

हिरा नाही, लोणी नाही, डोळ्यांत पाणी नाही. अण्णांनी बाजू घेतली नाही, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. एका माणसाविषयी हजार गोष्टी पाहिलेल्या असतात. त्यांतली कोणती शेवटी सांगायची, हे डोळे ठरवत नाहीत. हे कळायला मला बरीच वर्षे लागली. वाचनालयाच्या मंडळाला अजून वेळ आहे.

द्वारका घरात आली आणि अण्णांनी आमच्याकडे येणे सुरू केले. दर बाजारच्या दिवशी, परतताना. ओट्यावर टेकत, पाणी मागत, आणि द्वारका तांब्या घेऊन आली की, तिच्या मनगटाकडे बैलाच्या खुराकडे पाहावे तसे पाहून विचारत, "बाई, आज काय खाल्लं?" ती खाली मान घालून सांगे, "भाकर." "किती?" ती लाजे. अण्णा तेवढ्यावर उठत. पारावर चर्चा झाली की, म्हाताऱ्याची जीभ चाळवली आहे, जेवणाचे आमंत्रण हवे आहे. एकदा मी आमंत्रण दिले. त्यांनी नाकारले आणि पुढच्या बाजारी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

माझा स्वभाव सांगून झालाच आहे. दोन वर्षे मी हे सोसले आणि एका बाजारी उभा ठाकलो. "अण्णा, मी काय हिला उपाशी ठेवून राह्यलो का? तुमचा माझ्यावर भरवसा न्हाई?"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला.

"मला बहीन व्हती," ते म्हणाले. "भोकरदनकडं दिली. स्थळ मीच आनल्तं. बा म्हनला, घर कसं हाये? म्या म्हनलो, चांगलं हाये. लोक म्हनत व्हते, म्हनून म्हनलो. मंग कामात पडलो. चार वर्सं तिकडं गेलो न्हाई. निरोप यायचा, चांगली हाये. पाचव्या वर्सी दुसरा निरोप आला. तवा गेल्तो. तिरडीचा दांडा खांद्यावर घेतला."

त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला.

"वजन लागलं न्हाई, रंगनाथ."

वाटलेले एक अक्षर त्यात नव्हते. मला सुचला तो मूर्ख प्रश्न मी विचारला : "सासरच्यांनी हाल केले का तिचे?"

"म्या पाह्यलं न्हाई," अण्णा म्हणाले. "तेच तर सांगून राह्यलो. म्या पाह्यलंच न्हाई."

आणि काठी घेऊन निघून गेले.

दाराआड द्वारका उभी होती. तिने सारे ऐकले, हे मला तेव्हा कळले नाही. पुढच्या बाजारी कळले. अण्णा यायला जरा कचरत होते. ओट्याशी येऊन उभेच राहिले. द्वारका पाणी घेऊन आली नाही. ती ताट घेऊन आली. त्या काळी आमच्या भागात सून वडीलधाऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्यांच्यासमोर बसून घास घेणे तर दूरच. ती उंबऱ्याच्या आत, अण्णांना नीट दिसेल अशी, मांडी घालून बसली. पदर सावरला. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसे थबकली. तिने दुसरा तुकडा मोडला.

अण्णा हळूच ओट्यावर टेकले. तंबाखूची चंची हातात तशीच राहिली. द्वारकेने ताट रिकामे केले, पाणी प्याली, आणि मान वर केली.

"दीड भाकर," अण्णा म्हणाले.

त्यानंतर ते गेले त्या सालापर्यंत एकही बाजार चुकला नाही, आणि द्वारका त्या दिवशी अण्णा येईपर्यंत जेवली नाही. हे मी पाहिलेले आहे.