चाळीस पानांचं कुंकू

"आई, व्हॉट इज धिस?" शिवांगीचा आवाज चिरकला.

देवासमोरच्या पाटावर तिच्या ऑफिसचा चाळीस पानी करारनामा विराजमान झाला होता. पहिल्या पानाच्या तळाशी ओल्या कुंकवाचं बोट ठसठशीत उमटलं होतं.

"पहिलंच मोठं काम ना तुझं? म्हटलं देवापुढे ठेवू आणि कुंकू लावू," शुभदाताई म्हणाल्या.

शिवांगीने दुसरं पान उलटलं. तिथेही बोट. तिसऱ्यावरही.

"सगळ्या पानांना?"

"एकालाच लावलं, तर बाकीच्या पानांनी काय पाप केलंय?"

शिवांगीच्या पायाखालची वाळू सरकली, आणि बहरीनमध्ये वाळूला तोटा नाही. पुण्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी सुट्टीत आईबाबांकडे उम्म अल हस्समला आली होती आणि एका लॉ फर्ममध्ये समर असोसिएट म्हणून लागली होती. तिथल्या मेहरीन मॅडमना सगळं ऑफिस टरकून असे. काल त्यांनी बजावलं होतं, "ये ओरिजिनल है. नज़र से दूर मत होने देना." शिवांगी इतकी घाबरट, की तिने आज्ञा अक्षरशः पाळली. कागद घरी आणून उशीखाली घेऊन झोपली आणि आंघोळीपुरते आईच्या हवाली केले. तेवढ्यात हे झालं.

करार झोहरा आणि नुसरत या दोन जावांचा होता. दोघींची मिळून दोन किराणा दुकानं होती, एक माहूजला, एक उम्म अल हस्समला. वाटणीवरून आठ महिने भांडून अखेर झोहराने काल पानापानावर सही केली होती. आज दहाला नुसरत करणार होती. आता कागद बाद झाला आणि जावा पुन्हा बिथरल्या, तर मेहरीन मॅडम आपल्याला आजच्या आज हाकलणार आणि सर्टिफिकेटऐवजी घरी तक्रार पाठवणार, याबद्दल शिवांगीला शंका उरली नव्हती. टिश्यूने पुसून पाहिलं, तर कुंकू अधिकच पसरलं. डबासुद्धा न घेता ती धावली.

दहा वाजता नुसरतने चष्मा चढवला, पहिलं पान पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"ये अंगूठा किसका है?"

मेहरीन मॅडमनी पान पाहिलं, मग शिवांगीकडे पाहिलं.

"म... मेरी मम्मी का. अंगूठा नहीं, उंगली है."

"देखा!" नुसरत झोहरावर कडाडली. "तीसरा हिस्सेदार घुसाया! इसकी मम्मी को कितना दिया?"

"मैं इसकी मम्मी को जानती भी नहीं!" झोहरा ओरडली.

कुंकू, देव, पहिलं काम, शिवांगीने सगळं ततपप करत सांगितलं. नुसरत बधेना. त्या बाईने समोर येऊन "माझा काही हक्क नाही" असं लिहून द्यावं, तरच पुढचं बोलणं.

"बुलाओ," मेहरीन मॅडम म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, म्हणून शिवांगी जास्त घाबरली.

अर्ध्या तासात शुभदाताई टॅक्सीने आल्या, विसरलेला डबा घेऊन. मॅडमनी एक ओळ लिहून पुढे सरकवली. "यहाँ साइन कीजिए. आपका इस करार से कोई संबंध नहीं."

"कौनसा करार? पढ़े बगैर मैं सही नहीं करती," शुभदाताई खुर्ची ओढत म्हणाल्या. "कोथरूड में सोसायटी की नौ साल सेक्रेटरी थी मैं."

"आई, प्लीज!" शिवांगी पुटपुटली.

"गप्प बस गं."

आणि त्यांनी चाळीस पानं वाचायला घेतली. जावा भांडायच्या थांबल्या. मेहरीन मॅडमचा चहा निवला. शिवांगीने मनातल्या मनात पुण्याचं तिकीट काढलं, सामान भरलं, बाबांना तोंड कसं दाखवायचं तेही ठरवलं.

एकतिसाव्या पानावर शुभदाताई थांबल्या. "ये माहूज का दुकान पान चार पर झोहराजी को दिया है. और यहाँ नुसरतजी को. फिर उम्म अल हस्समवाला किसका? मैं वहीं से कोथिंबीर लाती हूँ. मालूम होना चाहिए ना?"

मेहरीन मॅडमनी पान चार काढलं, एकतीस काढलं, पुन्हा चार काढलं. मसुदा त्यांनी स्वतः केला होता. शिवांगीने त्यांना घाबरलेलं प्रथमच पाहिलं.

"नया प्रिंट निकालो," त्या हळूच म्हणाल्या.

नवी प्रत आली, पांढरीशुभ्र, पान एकतीसवर उम्म अल हस्समचं दुकान नीट नुसरतच्या नावाने. झोहराने मुकाट्याने पुन्हा सह्या केल्या. नुसरतने मात्र पेन घेतलं नाही. प्रत शुभदाताईंपुढे सरकवली.

"पहले आप लगाइए. यहाँ पढ़ा तो सिर्फ़ आपने है."

"अगं बाई, करंडा तर घरी राहिला!"

मेहरीन मॅडमनी निमूटपणे लाल शाईचा स्टॅम्पपॅड पुढे केला. शुभदाताईंनी पहिल्या पानावर बोट टेकवलं. मॅडमनी त्याखाली 'साक्षीदार' असं लिहिलं आणि प्रत उचलू लागल्या.

"बस? एक ही?" नुसरतने त्यांचा हात धरला. "बाकी पन्नों ने क्या गुनाह किया है?"

शिवांगी पुढे झाली आणि आईसाठी एकेक पान उलटू लागली. अकराव्या पानाशी मेहरीन मॅडम तिच्या कानाशी वाकल्या, तेव्हा तिने मनातल्या मनात पुन्हा सामान भरलं.

"कल नौ बजे आना," मॅडम कुजबुजल्या. "और सुनो, एक और ओरिजिनल है. घर ले जाओ."