आयरिश मेंढीचं आसन

वॉशिंग्टन राज्यात बॉथेलमधल्या त्या घराला गेले पाच महिने ओल्या मेंढीचा वास येत होता, आणि त्याबद्दल बोलायची सुमंतला बंदी होती.

बंदी रास्तच होती. दिवाळीच्या पॉटलकला मंडळी भरल्या वांग्यांवर ताव मारत असताना कुणीतरी त्याच्या बायकोला, मृणालिनीला विचारलं, हल्ली काय चाललंय? तिने तोंड उघडायच्या आत सुमंतनेच उत्तर दिलं, “ती मेंढ्या राखते.” सगळे हसले. लोक हसले की सुमंतला पुढचं काही दिसत नसे. मृणालिनीही हसली, आणि घरी आल्यावर आठवडाभर त्याच्याशी फक्त कचऱ्याचे डबे कधी बाहेर ठेवायचे एवढ्यापुरतंच बोलली. कंपनीने नारळ दिल्यावर ही बाई दोन महिने खिडकीचे पडदेसुद्धा न उघडता बसून होती. तिला त्यातून बाहेर काढलं ते लोकरीच्या क्लासने, नवऱ्याने नव्हे. हे सुमंतला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो बोलला, म्हणून त्याला स्वतःचाच राग आला होता आणि म्हणून त्याने बंदी मुकाट्याने मान्य केली होती.

लोकर आयरिश, आणि ती शिकवणारी ब्रिजिडही आयरिश. ब्रिजिडचं एक तत्त्व होतं: कलाकाराने नेहमी लोकल लोकर वापरावी. लोकल म्हणजे आयर्लंडमधल्या तिच्या भावाच्या कुरणातली. ती पोत्यांत भरून अख्खा महासागर ओलांडून यायची, आणि तासाभराच्या अंतरावर चरणाऱ्या वॉशिंग्टनच्या मेंढ्या मात्र परक्या ठरायच्या. या लोकरीचे थर टेबलावर पसरायचे, वर साबणाचं गरम पाणी शिंपडायचं, हात गळून पडेपर्यंत चोळायचं आणि मग चटईत गुंडाळून लाटायचं, की ती आपोआप गुंतत जाऊन तिचं जाड फेल्ट बनतं. थोडक्यात, चांगल्या स्वेटरचं गरम पाण्यात जे आपल्या हातून चुकून होतं, ते ब्रिजिड फी घेऊन मुद्दाम करायला शिकवत असे. हे वाक्य सुमंतच्या ओठांवर रोज यायचं आणि रोज तो ते चहाबरोबर गिळायचा.

शनिवारी लायब्ररीत क्लासचं प्रदर्शन होतं. मृणालिनीने भिंतीवर टांगायला एक मोठं चित्र केलं होतं: धुक्यातल्या हिरव्या टेकड्या आणि त्यांवरून जाणारं दगडी कुंपण. आयर्लंड तिने पाहिलं नव्हतं, पण राखाडी आभाळाचा बॉथेलला तुटवडा नव्हता. गुरुवारी सकाळी ब्रिजिडकडे निघताना ती दारात थांबली.

“गेस्टरूममध्ये ते सुकतंय,” ती म्हणाली. “सुमंत, तू फक्त काही करू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. तेवढं जमेल ना?”

सुमंत त्या दिवशी घरूनच काम करत होता, आणि काही न करण्याचा त्याला नोकरीतला दांडगा अनुभव होता. त्यामुळे त्याने तोंड भरून वचन दिलं.

त्याने हिशेबात धरली नव्हती ती इलामावशी. ही त्याच्या आईची धाकटी बहीण, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली आणि गेस्टरूममध्ये उतरलेली. बॅगेत लोणच्यांना जागा व्हावी म्हणून मावशीने जपाचं आसन घरीच ठेवलं होतं, आणि आल्यापासून ती योगा मॅटवर बसून, देवाची माफी मागत, जप करत होती. गुरुवारी तिला आपल्याच खोलीत स्टँडवर शुद्ध लोकरीचं, जाडजूड, चौकोनी असं काहीतरी वाळत घातलेलं दिसलं. लोकर सोवळ्यात चालते. मावशीच्या आईची धाबळी होती, आजीची होती. भाचेसुनेने न सांगता आपली अडचण ओळखली, या विचाराने मावशीला भरून आलं. तिने आसन खाली अंथरलं, पुढे ताम्हण आणि हळदीची कुयरी मांडली आणि डोळे मिटले.

त्याच सुमारास सुमंतने मीटिंगमध्ये बसल्या बसल्या फोनवरून झाडू मारणारा रोबो सुरू केला. हे काही करणं नव्हे, असं त्याचं मत होतं. रोबो गेस्टरूममध्ये शिरला, ताम्हणाला धडकला, पाणी सांडलं, कुयरी आडवी झाली, आणि आपलं कर्तव्य ओळखून त्याने ती ओली हळद, मावशीला वळसा घालून, टेकड्यांवरून नीट, काळजीपूर्वक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मावशीची माळ अर्ध्यावर होती. माळ पुरी झाल्यावरच तिने हाक मारली.

सुमंत आला, त्याने पाहिलं आणि तो पलंगावर बसला. धुक्यातल्या टेकड्यांवर आता जेजुरीसारखा भंडारा उधळला होता.

“मावशी, हे आसन नाहीये. मृणालिनीचं चित्र आहे. परवा प्रदर्शनात लागणारंय.”

“चित्र? अरे बापा, मग जमिनीला अंथरायच्या जाडीचं कशाला केलं तिनं?”

सुमंतने ते बाथटबमध्ये नेऊन साबण लावला. हळदीला साबण लागला की काय होतं हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला सांगता येतं, पण सुमंतने इंजिनियरिंग केलं होतं. पिवळ्या टेकड्या बघता बघता लालभडक झाल्या.

“काय करून राहिला तू?” मावशी दारातून म्हणाली. “साबणानं लाल होते हळद.”

“आधी सांगायचं ना.”

“तू विचारलं कुठे?”

मग त्याने इंटरनेटला विचारलं. इंटरनेट म्हणालं, व्हिनेगर. व्हिनेगरने जिथे पोचलं तिथे पुन्हा पिवळं झालं, नाही पोचलं तिथे लाल राहिलं, मधल्या भागाने केशरी व्हायचं ठरवलं, आणि बाथरूमला ओल्या मेंढीबरोबर आता सॅलडचाही वास येऊ लागला. हाताने काही होत नाही म्हटल्यावर त्याने शेवटचा उपाय म्हणून ते मशीनमध्ये टाकलं आणि डाग हट्टी आहे म्हणून पाणी चांगलं कडक ठेवलं. मशीनने ब्रिजिडचा सगळा अभ्यासक्रम एका फेरीत उरकला. बाहेर आलेली वस्तू निम्म्या आकाराची होती, हाताला दुप्पट जाड लागत होती, आणि दगडी कुंपण आक्रसून तिच्या मधोमध एका करड्या नदीसारखं वळलं होतं.

नंतर दोघांनी ती ताणून बघितली. धुतलेली साडी दोन बायका दोन टोकांना धरून ओढतात तशी, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला सुमंत. मावशीचे हात जास्त दणकट असल्याने दोन वेळा सुमंतच पुढे ओढला गेला. आयरिश मेंढी तसूभरही हटली नाही.

“मावशी, ती आली की तू काही बोलू नकोस. प्लीज.”

“जपाला बसणारी बाई मी. खोटं बोलणार नाही,” मावशी म्हणाली. “पण कोणी विचारलंच नाही, तर आपणहून सांगायची मला हौस नाही.”

एवढ्या भांडवलावर सुमंतने गुरुवारची रात्र काढली. गेस्टरूमचं दार मावशी झोपली आहे म्हणून बंद, मावशी जपाला बसली आहे म्हणून बंद, असं शुक्रवार संध्याकाळपर्यंत चाललं. पण मृणालिनी स्वयंपाक करता करता गुणगुणत होती. नोकरी गेल्यापासून ती गुणगुणली नव्हती. ते ऐकून सुमंतने आत जाऊन ती लाल-पिवळी वस्तू आणली, ओट्यावर ठेवली आणि ताम्हणापासून मशीनपर्यंत सगळं सांगून टाकलं. मान खाली घालून तो म्हणाला, की तू माझ्याशी कायमचं कचऱ्याच्या डब्यांबद्दलच बोललीस तरी मी तक्रार करणार नाही.

मृणालिनीने वस्तू उलटसुलट करून बघितली आणि कुकरखालचा गॅस बंद केला.

“हे सँपल आहे,” ती म्हणाली. “खरं मी बुधवारीच लायब्ररीत देऊन आले.”

“मग मला काल...”

“मी ते सुकतंय म्हणाले, आणि ते सुकतच होतं. तुझ्या हाताशी काहीतरी ठेवायला लागतं, सुमंत. नाहीतर तू नेमकं खऱ्यापर्यंत पोचतोस.”

सुमंतला इतकं हायसं वाटलं की आपला केवढा अपमान झाला आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. मृणालिनी खळखळून हसत होती. वस्तू अधिकृतपणे मावशीला आसन म्हणून देण्यात आली, आणि तिघांनी मिळून गरम वरणभात खाल्ला. गोष्ट इथेच थांबायला हरकत नव्हती.

पण लायब्ररीतल्या लोखंडी खुर्च्या गार लागतात असं मावशीने आधी एकदा अनुभवलं होतं, म्हणून शनिवारी ती आसन काखोटीला मारून आली. मृणालिनीच्या टेकड्या समोरच्या भिंतीवर टांगल्या होत्या आणि खरोखरच देखण्या होत्या. लोक त्यांच्यासमोर थांबत, छान म्हणत आणि चीजच्या तुकड्यांकडे वळत. मग ब्रिजिड मावशीला हॅलो म्हणायला आली. तिची नजर खुर्चीवर गेली. तिने मावशीला अदबीने उठवलं, आसन उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. थेट आयर्लंडमधल्या गॅलवेचा सूर्यास्त, ती म्हणाली. हे रंग, हा पोत, ही मधली नदी. चाळीस वर्षं आपण हेच शोधत होतो, हे कुणी केलं?

आता विचारलं गेलं होतं.

“ही डिड,” मावशीने सुमंतकडे बोट दाखवून इंग्रजीत सांगितलं. “हळदी. सोप. मशीन.”

ब्रिजिडने सुमंतला मिठी मारली. बघता बघता खिडकीपाशी गर्दी झाली आणि कुणीतरी चीजचं टेबलही तिकडेच सरकवलं. हा निव्वळ अपघात आहे म्हणून सुमंत सांगत राहिला, आणि जितकं सांगेल तितका लोकांना तो विनयशील वाटत गेला. पुढच्या शनिवारपासून त्याने क्लासला आलंच पाहिजे, असं ब्रिजिडने सर्वांसमक्ष जाहीर केलं. मृणालिनी आपल्या टेकड्यांजवळ एकटी उभी होती आणि कागदी कपातला संपलेला ज्यूस पीत होती.

परतताना गाडी तीच चालवत होती. सुमंत म्हणाला, मी ब्रिजिडला नाही म्हणून कळवतो. तो म्हणाला, खरं चित्र तुझंच होतं, त्या लोकांना काही कळत नाही. सिग्नल हिरवा झाल्यावर मृणालिनीने गाडी पुढे काढली.

“पाच महिने मी हात झिजवले,” ती म्हणाली. “तू माझं खरं चित्र बिघडवलं असतंस ना, तर मी तुला माफ केलं असतं.”

कचऱ्याचे डबे पुन्हा सुरू झाले.

पुढच्या शनिवारी सुमंत मात्र नाही कळवायच्या ऐवजी ॲप्रन बांधून क्लासला गेला. मावशीही आसन घेऊन सोबत गेली आणि त्याच्या टेबलापाशी माळ ओढत बसली. ब्रिजिडने त्याला सगळ्यात मऊ लोकर दिली. सुमंतने ती पसरली, चोळली, लाटली. चटई उघडली तेव्हा आतून जे निघालं ते इतकं विरविरीत आणि भोकाभोकांचं होतं, की फाटलेल्या घावनाची आठवण व्हावी. ब्रिजिड ते उजेडात धरायला गेली तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. तिने दोन्ही तुकडे हळूच खाली ठेवले आणि आठवडाभरात पहिल्यांदाच मृणालिनीच्या टेबलाकडे वळून तिचं काम नीट न्याहाळलं.

मृणालिनी हात पुसत सुमंतपाशी आली. तिने त्याच्या लोकरीच्या भोकातून बोट घालून बघितलं.

“फार वाईट झालंय,” ती मायेने म्हणाली, आणि त्या रात्री त्याच्याशी पुष्कळ बोलली.

ते सुमंतच्या हातून खरंच बिघडलं, की चोळता चोळता तो पुंजके उपटून खिशात घालत होता, हे त्याने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. इलामावशीला ठाऊक आहे. पण तिला अजून कुणी विचारलेलं नाही.