पातळ वरणाचा खुलासा

सीमेपलीकडच्या जैनथ मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका मराठी शाळेत मीनल वाघमारे चौथीच्या वर्गाला शिकवत. शाळेचा फोटो काढायचा होता म्हणून एकदा त्यांनी मुलांना हसायला सांगितलं. बावीसपैकी सतरा मुलांनी तोंडावर हात ठेवले. हात बाजूला करायला लावल्यावर दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले.

बाईंनी शाळेच्या हातपंपाचं पाणी बाटलीत भरून तपासणीला पाठवलं. बाटली विहित प्रकारची नसल्याने ती परत आली. विहित बाटलीतून गेलेल्या पाण्याचा अहवाल चार महिन्यांनी मिळाला: फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट. त्यावर तातडीची कारवाई झाली. पाणी खात्याचे दौलतराव आले, हातपंपाला लाल रंग दिला आणि फलक ठोकला: ‘हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.’

“मंग प्यायचं कोणतं?” रुपाबाईंनी विचारलं. शाळेतलं दुपारचं जेवण त्या रांधत.

“ते फलकात येत नाई.”

“आन् सैपाक?”

“फलकावर ‘पिण्यास’ हाये. भात कोणी पेत नाई.”

“वरण?”

दौलतरावांपुढे वीस वर्षांच्या सेवेत असा पेच आला नव्हता. त्यांनी वरिष्ठांकडे खुलासा मागवला.

खुलासा दीड महिन्याने आला. घट्ट वरण हे खाद्य असून पातळ वरण हे पेय समजण्यात यावे. सबब सदर पाण्यात पातळ वरण करण्यास मनाई आहे. पाठोपाठ दौलतराव तपासणी पथक घेऊन आले. त्यांनी वरणात पळी उभी करून पाहिली. पळी आडवी झाली. पातेल्याचा तळही स्वच्छ दिसला. मनाई असताना मुलांना पेय पुरवल्याबद्दल रुपाबाईंना नोटीस मिळाली.

“डाळ वाढवून द्या, वरण घट्ट होईन,” रुपाबाई म्हणाल्या.

“डाळीचं खातं येगळं हाये.”

मीनलबाई पुढे आल्या. “दौलतराव, लेकरायचे दात खराब होऊन राह्यले. दोघा-तिघायचे गुडघे दुखतात.”

“गुडघे दवाखान्याकडं, दात बी तिकडंच. आमच्याकडं फकस्त पंप,” दौलतराव शांतपणे म्हणाले. त्यांच्या लेखी पंपाची प्रकृती उत्तम होती.

त्या दिवशी बाईंनी मुलांच्या आयांना शाळेत बोलावलं. भिवाजींच्या शेतातली विहीर शाळेपासून मैलभर दूर होती. तिचं पाणी बाईंनी आधीच विहित बाटलीतून तपासून आणलं होतं. ते चांगलं निघालं. “न्या लागन तेवढं,” भिवाजी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून बायका पाळीपाळीने हंडे वाहू लागल्या. मीनलबाईंचीही पाळी असे. खांदा भरून येई, आणि संताप त्याहून जास्त.

हंडे वाहिले जात असल्याचं कळताच खात्याने शाळेसाठीच्या नव्या जलवाहिनीचा प्रस्ताव रद्द केला. गरज उरली नव्हती. फायलीवर शेरा पडला: ‘लोकसहभागातून समस्या निकाली.’ या यशाबद्दल दौलतरावांचा शाल देऊन सत्कार झाला. बायका पाण्याला गेल्या होत्या, म्हणून टाळ्या पथकाने वाजवल्या.

बातमी जिल्ह्याच्या पानावर आली. चहा पिता पिता तुम्ही ती वाचलीत, गावकऱ्यांचं कौतुक वाटून मानही हलवलीत. चहाचं पाणी कुणी तपासलं होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत. बरोबरच आहे, फलक तुमच्या नळाला कुठे लागलाय?