टेम्पोतून आलेला संदर्भ

आपण स्वागत केलेल्या नवख्या लेखकाने ज्ञानकोश सोडून जाणे शक्यच नाही, अशी वडूजचे निवृत्त शिक्षक दादासो यांची ठाम समजूत होती! सर्वांनी मिळून लिहावयाच्या त्या इंटरनेटवरील ज्ञानकोशात नव्या लेखकांना हाताशी धरण्याचे काम त्यांनी आपणहून पत्करले होते, आणि लग्नघरच्या यजमानाच्या उत्साहाने ते प्रत्येकाला आग्रह करकरून नियम वाढीत.

कडेगावच्या फिरदोसने आपल्या वडिलांवर लेख लिहिला. निजामभाई मोहरमचा उंच ताबूत एकही खिळा न ठोकता, सुताच्या सात गाठींवर उभा करीत. दादासोंनी तिचे तोंडभर स्वागत केले आणि लेख काढून टाकला. खाली लिहिले, 'छापील संदर्भ द्यावा.'

तिचा फोन आला. "छापील व्हय? आवं सर, माझं झेरॉक्सचंच दुकान हाय! किती प्रती काढू?"

"स्वतः छापलेले चालत नाही, ताई. नियम आहे."

आठवड्याने दारात टेम्पो थांबला. "सर, संदर्भ आणलाय!" असे ओरडत फिरदोसने खोकणाऱ्या निजामभाईंना उतरवले, खुर्चीत बसवले आणि ती टेम्पो बाजूला लावायला गेली.

"इचारा काय इचारायचं त्ये," निजामभाई म्हणाले. "माझ्यामागं ह्ये कुणाला ठावं न्हाई. पोरीला चारच गाठी येत्यात." त्यांनी खिशातून सूत काढले. "ही पाचवी. बगताय न्हवं?"

"हो, हो!" म्हणत दादासो संगणकात डोके खुपसून, जिवंत मनुष्य हा संदर्भ का ठरत नाही, त्याचा नियम शोधीत राहिले. तो सापडला तेव्हा सातवी गाठ घालून, सोडून, सूत पुन्हा खिशात गेले होते!

"वर्तमानपत्रात छापून आणा," त्यांनी समजावले. "मग ब्रह्मदेवालाही लेख काढता येणार नाही!"

दोन महिन्यांनी फिरदोसने कात्रण पाठवले. चार ओळी होत्या: नाव, वय, गाव आणि दफनविधीची वेळ.

दादासोंनी लेख पुन्हा उभा केला. संदर्भाने सिद्ध होण्याजोगे वाक्य एकच निघाले. निजामभाईंचे निधन झाले.

संध्याकाळी फोन आला. "सर, लेख ऱ्हाऊ द्या. त्या तीन गाठी तेवढ्या सांगा. 'मास्तरांना समद्या दाखिवल्या,' म्हनत हुते घरी जाताना. लय खूश हुते. मोहरम म्हैन्यावर आलाय."

दादासोंनी डोळे मिटून ती दुपार क्षणाक्षणाने आठवून पाहिली. नियमाचा क्रमांक तेवढा बिनचूक आठवला.