सरासरीची सून

आमचे शेजारी मगदूम सर कुणालाही भेटले की आधी मनातल्या मनात त्याला मार्क देतात. आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले, पण मार्क देणं सुटलं नाही. साहेबापुढं किती वाकता, घरच्यांना विचारून किती चालता, अनोळखी गोष्टीला किती भिता, अशा त्यांच्या मोजपट्ट्या. देशोदेशीचे आकडे तोंडपाठ. काहीही विचारा, सर म्हणणार, "सरासरी काय सांगती?"

हसण्यावारी नेऊ नका. जर्मनीला निघालेल्या शिरोळच्या एका विद्यार्थ्याला त्यांनी बजावलं होतं, "तिकडं एकदाच इचारत्यात. लाजून नको म्हणालास, तर उपाशी झोपशील." पोरानं पोचल्यावर फोन केला, "सर, पहिल्या झटक्यात हो म्हणालो, म्हणून जेवलो!"

मग सरांना सूनच जर्मन आली. मुलगा तिकडं नोकरीला. त्याला रजा उशिरा मिळणार होती, म्हणून अ‍ॅना एकटीच पुढं आली. सरांच्या पत्नीला जाऊन पाच वर्षं झालेली, तेव्हा सासरे-सुनेचं जेवण आमच्याकडं ठरलं. सरांनी माझ्या बायकोला तंबी दिली, "वहिनी, आग्रह अजिबात करायचा न्हाय. एकेकट्यानं जगणारा देश हाय."

दुसरी भाकरी विचारली की अ‍ॅना गोड हसून म्हणायची, "नको." बायको हात मागं घ्यायची. पावण्याला एका भाकरीवर उठवताना तिचा जीव किती तळमळतोय, ते मला दिसत होतं. सर मात्र खुशीत. "बघा, सरासरी!"

चौथ्या दिवशी जेवताना अ‍ॅनानं मोडक्या मराठीत माझ्या बायकोला विचारलं, "बाबांना मी आवडत नाही?" नवऱ्यानं तिला शिकवून पाठवलं होतं: कोल्हापुरात आधी नको म्हणायचं, माया असली की लोक तीनदा वाढतात. बिचारी तीन दिवस कुणीतरी पुन्हा विचारेल म्हणून थांबली होती.

सर समोरच बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"पट्टी देशाची हाय," ते म्हणाले. "मी पोरीला लावली."

मग उठले, डाव्या हातानं टोपलीतली भाकरी उचलली आणि तिच्या ताटापाशी उभे राहिले.

"घे."

"नको."

"घे की गं!" त्यांनी भाकरी आणखी पुढं केली.

तिनं घेतली. आणि दुसरी उचलून सरांच्या ताटाकडं नेली.

"नको, नको," सर म्हणाले.

"घ्या की, बाबा."

पाच वर्षं एकट्यानं जेवणाऱ्या माणसाला पुन्हा विचारणार कोण? भिंतीला भिंत लागून राहतो, पण मलाही ते कधी सुचलं नव्हतं. याची मला लाज वाटली. सरांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि ती भाकरी संपेपर्यंत वर बघितलं नाही.