मोघ्यांचं संसारी शेवाळ

मोघे दार वाजवायचे ते हातात बरणी घेऊनच. बरणीत हिरवं पाणी. "आजी, वास घ्या," म्हणायचे. नमस्कार नंतर, तोही बरणी टेकवायला जागा मिळाली तर.

मी हॉलंडात, झूटरमेरला मुलाकडे आले तेव्हापासून हे आमचे शेजारी. शास्त्रज्ञ होते, आता रिटायर. मी चौथी शिकलेली, पण त्यांना काय, ऐकणारं माणूस हवं. इथं तळ्याकाठी उन्हाळ्यात पाटी लागते, विषारी शेवाळ आहे, पोहू नका. लोक मागे फिरतात, मोघे बाटली घेऊन पुढे जातात.

धुऊन धुऊन एकटं पाडलेलं शेवाळ, ते त्यांचं 'ब्रह्मचारी'. सोबतीच्या जिवाणूंसकट ठेवलेलं, ते 'संसारी'.

"ब्रह्मचारी बघा कसं पिवळं पडलंय! जिवाणू त्याला पोसतात, आजी, आणि ते त्यांना."

"म्हणजे विरजण."

"विरजण नव्हे!" म्हणाले, आणि का नव्हे ते जेवणवेळ होईपर्यंत सांगत बसले.

मग दोन कुंड्यांत मेथी लावली. एकीला ब्रह्मचारी पाणी, दुसरीला संसारी. संसारी मेथी अशी माजली की मी कढईच काढली.

"खायची नाही, बघायची!"

मेथी बघायची असते का?

एक दिवस इमारतीच्या समितीची बाई आली. गॅलरीतल्या बरण्या सोमवारपर्यंत हलवा म्हणतेय, असं मोघ्यांनी मला सांगितलं. मोघ्यांच्या घरात ऊन नाही. आत नेलं की शेवाळ मेलं.

सोमवारी मोघे गॅलरीत खुर्ची टाकून बसले. बाई खोकं घेऊन आली. तिच्याशी पुष्कळ भांडले, मग एक बरणी पोटाशी धरली. "बाकीच्या न्या. ही देणार नाही."

सगळ्यांत गढूळ बरणी ती. "हीच का हो?" मी विचारलं.

"हिच्यात माझ्या बायकोच्या, सुलभाच्या तुळशीची माती आहे. पहिल्याच थंडीत तुळस गेली. पुढच्या वर्षी सुलभा. मातीतले जिवाणू अजून आहेत."

मी बरणी काढून घेतली. बाई डचमध्ये काहीतरी म्हणाली. मी मराठीत म्हटलं, "गॅलरीत नको ना? माझ्या घरात ठेवते. माझ्या खिडकीला ऊन आहे. हो बाजूला." झाली. सुनेनं नाक मुरडलं, तिलाही तेच सांगितलं.

आता मोघे रोज येतात, रिकाम्या हातांनी. नमस्कारही आधी करतात. शेवाळ दोन मिनिटांत बघून होतं, पण उठायचं नाव नाही. मी चहाचा एक कप जास्तीचा टाकते.

वास मात्र अजून घ्यायला लावतात.